चावीचा टायमर: दोन महिन्यांचा अनुभव

मुद्रितशोधनाचे काम घरी बसून करताना माझे लक्ष मुख्यतः मोबाईलमुळेच विचलित होते, त्यामुळे त्याच मोबाईलमधील अ‍ॅप लावून वेळ मोजण्यात मला अर्थ वाटेना आणि दोन महिन्यांपूर्वी महाद्वार रोडवरील एका भांड्यांच्या दुकानातून स्वयंपाकघरात वापरतात तसा चावीचा टायमर २८० रुपयांना घेतला. फ्रान्चेस्को चिरिल्लो याने विद्यार्थिदशेत, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, टोमॅटोच्या आकाराचा असाच टायमर लावून अभ्यास केला, म्हणून त्याच्या पद्धतीला इटालियन भाषेतील टोमॅटोचे नाव, ‘पोमोदोरो’, मिळाले. २५ मिनिटे एकच काम, मग ५ मिनिटे विश्रांती आणि अशा चार फेऱ्यांनंतर १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी, एवढीच ती पद्धत आहे.

तबकडी थेट २५ वर आणून सोडली तर घंटी कधीकधी वाजतच नाही. ती आधी शेवटपर्यंत फिरवून मग मागे आणावी लागते, हे खोक्यावर कुठेही लिहिलेले नाही. हातघड्याळाशी ताडून पाहिले तेव्हा २५ मिनिटांची घंटी २६ मिनिटे उलटल्यावर वाजली, तर पाच मिनिटांची विश्रांती जवळजवळ सात मिनिटांची होते; या दुसऱ्या दोषाबद्दल अर्थातच माझी तक्रार नाही. टकटक मात्र मोठी आहे. पहिल्या रात्री आईने दारातूनच विचारले, “बाँब लावून ठेवलायस काय टेबलावर?” तेव्हापासून खाली घडी घातलेला नॅपकिन असतो.

उपयोग खरा झाला तो विश्रांतीत. पूर्वी पाच मिनिटांसाठी उचललेला मोबाईल अर्धा तास हातातून सुटत नसे. आता तो फ्रीजवर असतो, मी गॅलरीत उभा राहतो आणि मोठ्या सुट्टीत रंकाळ्याच्या काठाने चालून येतो. मध्येच वीजबिल आठवले तर चिठ्ठीवर टिपून पुन्हा ओळीवर येतो, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुपारनंतरही पहिल्याच वाचनात सापडतात. फेरी मोडली तर ती धरायची नाही, हा मूळ नियम दूधवाला, कुरिअर आणि शेजारी यांच्यापुढे टिकत नाही, म्हणून मी तो सोडून दिला.

अभ्यासिकेसाठी मात्र हा टायमर घेऊ नये. पुतण्या एकदा घेऊन गेला होता. पहिल्याच घंटीला त्याला बाहेर जाण्यास सांगण्यात आले.