रीपर, तीन फुकट सिंथ आणि एक मिडी कीबोर्ड : काही महिने वापरल्यानंतर

रीपर या संगीत रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सॉफ्ट सिंथ (म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारे सिंथेसायझर) वाजवायला लागून आता बरेच महिने झालेत, रोज थोडं का होईना पण हात फिरतोच, त्यामुळे आता जरा ठामपणे लिहायला हरकत नाही. सेटअप साधा आहे. विंडोजचा लॅपटॉप, यूएसबी ऑडिओ इंटरफेस, एक छोटा मिडी कीबोर्ड, आणि सिंथ म्हणाल तर सर्ज एक्सटी, डेक्स्ड आणि व्हायटल हे तीन फुकटातले, शिवाय एक विकत घेतलेला, त्याचं नाव घेत नाही. कुठल्या सिंथचा आवाज कसा आहे यावर ढीगभर लिहिलेलं मिळतं. पण हे सगळं अडतं कुठे आणि अडलं की शोधायचं कसं यावर फार कमी मिळतं, आणि माझ्या मते महिनोन्महिने वापरायचं असेल तर तेच जास्त महत्त्वाचं आहे, म्हणून मी मुख्यतः त्यावरच लिहितेय.

माझं मत आधीच सांगून टाकते. सिंथ वाजत नसला की सिंथकडे सगळ्यात शेवटी बघायचं. बहुतेक लोक उलटं करतात, आवाज आला नाही की लगेच प्लगिन (रीपरच्या आत चालणारं जोडसॉफ्टवेअर, सिंथ हेही तेच) काढून परत टाकतात, मग ड्रायव्हर काढतात, मग अख्खं सॉफ्टवेअर, आणि तासाभराने कुठला तरी बदल लागू पडतो पण नेमका कुठला ते कळत नाही, म्हणजे पुढच्या वेळी परत तिथूनच सुरुवात. मिडी म्हणजे आवाज नाहीच मुळी. अमुक सूर इतक्या जोरात दाबला, आता सोडला, पेडल खाली गेलं, एवढेच निरोप त्यातून जातात आणि १९८३ पासून त्याचा गाभा तोच आहे. कीबोर्ड, ड्रायव्हर, रीपर, ट्रॅक, प्लगिन आणि शेवटी ऑडिओ इंटरफेस या क्रमाने गोष्ट पुढे जाते. निरोप कुठपर्यंत पोचला एवढं कळलं की अर्धं काम झालं.

रीपर मला इथेच आवडलं. ट्रॅक आर्म केला (रेकॉर्डिंगसाठी तयार ठेवला), इनपुटला मिडी निवडलं, मॉनिटरिंग चालू केलं आणि पट्टी दाबली की ट्रॅकच्या मीटरवर हालचाल दिसते. दिसली तर कीबोर्ड, केबल, ड्रायव्हर सगळं ठीक, पुढे बघा. नाही दिसली तर सिंथला हात लावायचं कारणच नाही. मग प्रेफरन्सेसमध्ये मिडी इनपुटच्या यादीत कीबोर्ड आहे का आणि तो एनेबल केलाय का ते बघायचं. यादीतच नसेल तर केबल बदलून बघा, नुसत्या चार्जिंगच्या केबली दिसायला अगदी तशाच असतात. यादीत आहे पण उघडत नाही असंही होतं. विंडोजवर बरेच मिडी ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रामला पोर्ट देतात, त्यामुळे कीबोर्डचं स्वतःचं सेटिंगचं सॉफ्टवेअर मागे उघडं असलं किंवा ब्राउझरच्या एखाद्या टॅबने मिडीची परवानगी घेतलेली असली की रीपरला पोर्ट मिळत नाही. ते बंद करा, मग रीपर परत चालू करा.

आता जे हत्यार मी सगळ्यात जास्त वापरते ते. रीपरबरोबर रियाकंट्रोलमिडी नावाचं प्लगिन येतं, ते सिंथच्या आधी, वरच्या जागी टाकायचं आणि त्यातला लॉग उघडायचा. येणारा प्रत्येक निरोप ओळीने दिसतो. मधला सी (मिडल सी) दाबला की नोट ऑन, चॅनल १, नोट ६०, व्हेलॉसिटी (किती जोरात दाबलं ते) समजा ८४, आणि सोडला की नोट ऑफ. काही कीबोर्ड नोट ऑफ ऐवजी व्हेलॉसिटी शून्य असलेला नोट ऑन पाठवतात, तेही नियमाला धरूनच आहे, ते बघून गोंधळू नका. रीपर वापरत नसाल तर विंडोजवर मिडी-ऑक्स आणि मॅकवर मिडी मॉनिटर ही वेगळी छोटी सॉफ्टवेअर तेच काम करतात.

लॉगचा फायदा काय ते एका उदाहरणावरून सांगते. माझ्या कीबोर्डवर वाजवताना मधूनच एखादा सूर लटकायचा. हात उचलला तरी पॅडचा लांब आवाज चालूच, आणि प्रत्येक वेळी नाही, कधीतरीच, त्यामुळे पकडायला अवघड. सिंथ बदलला तरी तेच, म्हणजे सिंथचा दोष नव्हता. लॉग उघडा ठेवून वाजवत राहिले तेव्हा दिसलं की नोट ऑन ६४ चा आलाय आणि नोट ऑफ ७६ चा. बरोबर १२ चा फरक, म्हणजे एक सप्तक. पट्टी दाबलेली असतानाच ऑक्टेव्हचं बटण दाबलं तर हा कीबोर्ड सोडल्याचा निरोप नव्या सप्तकातल्या सुराचा पाठवतो, आणि बिचारा ६४ वाट बघत बसतो. चांगला कीबोर्ड दाबलेल्या पट्ट्या लक्षात ठेवतो आणि ज्या नंबरने चालू केलं त्याच नंबरने बंद करतो. विकत घेताना ही एक गोष्ट नक्की करून बघा, पट्टी धरून ऑक्टेव्ह बदला आणि मग सोडा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तोपर्यंत रीपरच्या ॲक्शन लिस्टमध्ये ऑल नोट्स ऑफ आहे त्याला एक शॉर्टकट देऊन ठेवा.

दुसरी तक्रार मला खूप जणांकडून ऐकू येते. प्लेचं बटण दाबलं की गाणं सुरू होतं पण सिंथवर एक उंच सूरही वाजतो. याचं कारण असं की बऱ्याच कीबोर्डना दोन पोर्ट असतात, एक पट्ट्यांचा आणि एक डीएडब्ल्यूच्या (रीपरसारख्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या) बटणांचा, आणि मॅकी कंट्रोल या बटणांच्या ठरलेल्या पद्धतीत ही बटणं चक्क नोट म्हणूनच जातात, प्ले म्हणजे नोट ९४, स्टॉप ९३, रेकॉर्ड ९५. ट्रॅकचा इनपुट ऑल मिडी इनपुट्स ठेवला असेल तर सिंथला ते सूरच वाटणार, त्याचा काय दोष. इनपुटमध्ये फक्त पट्ट्यांचा पोर्ट निवडा. एक पट्टी दाबली की दोन सूर येतात आणि आवाज पोकळ, फिरल्यासारखा वाटतो, तेव्हाही आधी हेच तपासा. तुमचा कीबोर्ड स्वतःचा आवाज असलेला असेल तर लोकल कंट्रोल बंद करा, म्हणजे पट्ट्या त्याचा स्वतःचा आवाज सरळ वाजवणार नाहीत.

पेडलचं थोडक्यात. पेडल, नॉब यांचे निरोप सीसी (कंट्रोल चेंज) म्हणून नंबराने जातात. सस्टेन म्हणजे सीसी ६४, व्हॅल्यू ६४ किंवा वर असली की चालू, खाली असली की बंद. पेडल उलटं चालत असेल तर कीबोर्ड बंद करा, पाय पेडलवरून काढा आणि मग चालू करा. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची दिशा ओळखतात, त्या क्षणी पाय ठेवलेला असला की सगळं उलटं होतं. आणि वाजवता वाजवता सिंथचा आवाजच बदलला तर लॉगमध्ये प्रोग्राम चेंज (आवाज बदलायचा निरोप) शोधा, कीबोर्डवरचं एखादं बटण तो पाठवत असतं आणि जो सिंथ तो मानतो तो प्रीसेट बदलतो.

मींडेचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या वाजवणाऱ्यांना तीच सगळ्यात जास्त लागते. पिच बेंड व्हील ० ते १६३८३ मधला एक आकडा पाठवतं, मध्य ८१९२. बस. तो आकडा म्हणजे किती सूर हे मिडीत नसतंच, ते सिंथ ठरवतो. बऱ्याच सिंथमध्ये सुरुवातीला दोन अर्धस्वर असतात. तुम्ही एका सिंथवर बारा अर्धस्वरांची रेंज ठेवून छान मींड रेकॉर्ड केली आणि नंतर त्याच ट्रॅकवर दुसरा सिंथ लावला तर ती मींड मध्येच कुठेतरी, भलत्याच सुरावर जाऊन थांबणार. रेकॉर्डिंग बिघडलेलं नसतं, नव्या सिंथची रेंज तेवढी करा. सर्ज एक्सटीमध्ये वर जायची आणि खाली यायची रेंज वेगवेगळी ठेवता येते आणि ती पॅचबरोबर (सिंथच्या आवाजाच्या सेटिंगबरोबर) सेव्ह होते, मला हे फार उपयोगी पडलं. त्यात स्वतःची ट्युनिंग फाइलही लावता येते, म्हणजे बारा समान अर्धस्वरांच्या बाहेरचे सूर हवे असतील तर पट्ट्यांवरच मिळतात. हा सिंथ आधी विकला जायचा, २०१८ मध्ये त्याच्या मूळ लेखकाने तो ओपन सोर्स केला आणि तेव्हापासून लोक मिळून तो वाढवतायत, ते काम खरंच मोठं आहे.

विकतच्या सिंथने मला जिथे सगळ्यात जास्त दमवलं ते सीसी ११, म्हणजे एक्स्प्रेशन. एक्स्प्रेशनचा नॉब फिरवते, लॉगमध्ये ० ते १२७ सगळे आकडे दिसतायत, मॉड व्हील चालतं, पण सिंथ सीसी ११ ला दाद देत नाही. याचं मूळ प्लगिनच्या फॉरमॅटमध्ये आहे. व्हीएसटी हा प्लगिनचा सगळ्यात रुळलेला फॉरमॅट. व्हीएसटी २ मध्ये मिडीचे निरोप तसेच्या तसे प्लगिनपर्यंत जायचे. व्हीएसटी ३ मध्ये सीसी सरळ जात नाहीत, कुठला सीसी कुठल्या पॅरामीटरला जोडायचा हे प्लगिनने आधी सांगून ठेवावं लागतं, आणि बनवणाऱ्याने ते सांगितलं नसेल तर तो निरोप वाटेतच राहतो. त्यांच्या सपोर्टला दोन-तीनदा लिहिलं, दर वेळी उत्तर एकच, रीइन्स्टॉल करा. पैसे दिलेल्या माणसाला हे उत्तर योग्य नाही असं मला अजूनही वाटतं. शेवटी रीपरमध्ये त्या पॅरामीटरला पॅरामीटर मॉड्युलेशनमधून मिडी लिंक करून ठेवलं आणि काम झालं. तुमच्या सिंथचं क्लॅप या दुसऱ्या प्लगिन फॉरमॅटमधलं व्हर्जन असेल तर अशा वेळी ते लावून बघा, २०२२ मध्ये आलेल्या या फॉरमॅटमध्ये मिडीचे निरोप जसे आहेत तसे जाऊ शकतात.

आता आवाज फाटणं, तडतडणं. इथे लोक लगेच नवीन लॅपटॉपचा विचार करतात, थांबा जरा. व्हायटलमध्ये तीन ऑसिलेटर (मूळ सूर तयार करणारे भाग) आणि प्रत्येकाला १६ पर्यंत युनिसन, म्हणजे त्याच सुराच्या एकत्र वाजणाऱ्या प्रती, लावता येतं. सगळं पूर्ण वर ठेवून सहा सुरांची कॉर्ड धरली तर ६ गुणिले ३ गुणिले १६, म्हणजे २८८ ऑसिलेटर एकाच वेळी चालू, आणि रिलीज लांब असेल तर पुढची कॉर्ड वाजेपर्यंत आधीची विरलेली नसते, म्हणजे आकडा दुप्पट. कुठलाही सिंथ असा वापरला तर हेच होणार. युनिसन चार-पाचवर आणा, ओव्हरसॅम्पलिंग (आवाज जास्त बारकाईने मोजून तयार करणं) वाजवताना कमी आणि फायनल रेंडरला जास्त ठेवा, फरक ऐकू येणं कठीण आहे.

गाणं नुसतं प्ले केलं तर स्वच्छ चालतं आणि ट्रॅक आर्म केला की तडतडतं, याचंही कारण आहे. रीपर न आर्म केलेल्या ट्रॅकचं काम थोडं आधीच करून ठेवतं, पण आर्म करून वाजवताना तुम्ही पुढे काय वाजवणार हे त्याला माहीत नसतं, मग तो ट्रॅक त्या क्षणीच तयार करावा लागतो. परफॉर्मन्स मीटरमध्ये आरटी सीपीयू हा आकडा (त्या क्षणीच करावं लागणारं काम) बघा, एकूण सीपीयू २० टक्के दिसत असला तरी तो वर गेलेला असू शकतो. जड ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे तात्पुरते ऑडिओत बदलून ठेवा.

पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो याचं गणित सोपं आहे. कॉम्प्युटर आवाज छोट्या गठ्ठ्यांनी तयार करतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. ४४,१०० सॅम्पल रेटला २५६ चा बफर म्हणजे सुमारे ५.८ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे सुमारे २३. इंटरफेसचा स्वतःचा एसिओ (विंडोजवर कमी उशीर देणारा) ड्रायव्हर वापरा. बफर कमी करूनही उशीर होत असेल तर मास्टर ट्रॅकवर बघा, लुकअहेड लिमिटर किंवा लिनिअर फेज ईक्यू असं आवाज थोडा थांबवून ठेवणारं प्लगिन बसलेलं असतं. एखादं प्लगिन ४०९६ सॅम्पल मागत असेल तर एकट्याने ९३ मिलिसेकंद झाले, त्यात कोणी ताल सांभाळू शकत नाही. एफएक्स विंडोच्या खाली कोपऱ्यात हा आकडा दिसतो. वाजवताना असले प्लगिन बायपास ठेवा.

डेक्स्डबद्दल आत्तापर्यंत काही लिहिलं नाही कारण त्याने कधी अडवलंच नाही. यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स७ च्या धर्तीवरचा एफएम सिंथ, जुन्या ३२-३२ आवाजांच्या फाइली सरळ उघडतात, सीपीयू नावापुरता. घंटा, इलेक्ट्रिक पियानो, टोकदार बेस यासाठी मी दुसरं काही उघडत नाही.

सध्या माझ्याकडे सर्ज रोज, डेक्स्ड बऱ्याचदा, व्हायटल पॅडसाठी असं बसलंय, आणि विकतचा सिंथ फक्त जुन्या प्रोजेक्टमध्ये उरलाय. तिथेही एक सांभाळायचं असतं. त्याच सिंथचं व्हीएसटी २ व्हर्जन काढून व्हीएसटी ३ टाकलं तर जुनं प्रोजेक्ट बऱ्याचदा प्लगिन सापडत नाही म्हणतं, कारण दोन्हींची ओळख वेगळी असते आणि आपोआप बदल व्हायची सोय प्रत्येकाने केलेली नसते. म्हणून जुनं काढायच्या आधी प्रोजेक्ट उघडून प्रीसेट फाइल म्हणून सेव्ह करा, आणि प्रत्येक सिंथ ट्रॅकचं ऑडिओ रेंडर करून मिडीबरोबर त्याच फोल्डरमध्ये ठेवा.