आमवाताच्या पायांना काय घालावं: साच्याचा बूट की एमसीआर सँडल?

र्‍हुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपण ज्याला आमवात म्हणतो तो, पायात उतरला की हा प्रश्न पडतोच. डॉक्टर औषधं लिहून देतात आणि आपण उठता उठता सांगतात, 'पायात चांगलं काहीतरी घालत जा.' मी दोन्ही वापरून पाहिलं. पायाचा साचा घेऊन केलेल्या इनसोलचा, म्हणजे आतल्या गादीचा, बूट तीन वर्षं वापरला आणि मागे पट्टा असलेली एमसीआर, म्हणजे मऊ रबराची, सँडल आता दोन वर्षं वापरतोय. आजार आटोक्यात ठेवतात ती मेथोट्रेक्सेटसारखी औषधंच. इथे फक्त चालण्यापुरतं बोलतोय.

आधी कोल्हापुरीबद्दल, कारण बेळगावच्या माणसाला ती सोडणं जड जातं. आपल्याच जिल्ह्यात, अथणी-निपाणीकडे ती बनते. २०१९ साली तिला जीआय मानांकन, म्हणजे ठरावीक भागाचीच खास वस्तू अशी सरकारी ओळख, मिळालं, त्यात कर्नाटकातले ४ जिल्हे आहेत आणि बेळगाव त्यातलाच एक. जन्मभर मी दुसरं काही घातलं नव्हतं. पण आमवात बहुतेकांचा चवडा आधी धरतो. बोटांच्या मुळाचे सांधे सुजतात, हळूहळू बोटं वर उचलून वाकडी होतात, अंगठा शेजारच्या बोटावर कलतो आणि चवड्याखालची चरबीची गादी पुढे सरकते. मग हाडांची टोकं थेट जमिनीला लागतात. गणपत गल्लीत भर गर्दीत मी दोनदा चप्पल काढून झटकली होती, आत खडा आहे म्हणून. आत काहीच नव्हतं. त्यात कोल्हापुरीचा तळ कडक, शिवाय चप्पल निसटू नये म्हणून प्रत्येक पावलाला बोटं आवळावी लागतात. जोडी माळ्यावर ठेवली तेव्हा फार वाईट वाटलं.

बुटानं मला आधार दिला, हे आधी सांगतो. त्याचं टोक रुंद आणि वरून उंच हवं, म्हणजे वाकलेली बोटं वर घासत नाहीत. इनसोलवर चवड्यापाशी एक छोटा उंचवटा असतो. तो हाडांच्या टोकांच्या किंचित मागे आला तरच टोकांवरचा भार कमी होतो. माझ्या पहिल्या इनसोलमध्ये तो नेमका टोकांखाली आला होता आणि दुखणं दुप्पट झालं. परत जाऊन तो अर्धा इंच मागे घ्यायला लावला, तेव्हा कुठे पाय मोकळा झाला. पायाची कमान बसली असेल, टाच बाहेर कलत असेल, तर बूट पाय जितका धरून ठेवतो तितका सँडल धरणार नाही. अशांनी बहुधा बूटच घ्यावा, डॉक्टरांना विचारून.

मग माझा बूट का सुटला? उंबरठ्यामुळे.

आमवाताचा पाय सगळ्यात जास्त दुखतो तो सकाळी. उठल्यावर तासभर सांधे आखडलेले असतात आणि नेमकं त्याच वेळी गार फरशीवरून न्हाणीपर्यंत अनवाणी जायचं. एवढे पैसे घालून केलेलं इनसोल तेव्हा दाराबाहेर. पुढे दिवसभरही तेच: देऊळ आलं, काढा, कुणाचं घर आलं, काढा. दरवेळी वाकायचं आणि सुजलेल्या हातांनी लेस सोडायची. वडगावला धाकट्या बहिणीकडे गेलो की ती म्हणायची, 'दादा, असू दे की, बुटासकट ये आत.' पण समोर देवघर दिसत असताना पाय उचलत नाही. वेलक्रोचा बूट घेऊन पाहिला. लेस गेली, उंबरठा तसाच राहिला.

आणि आपला पाऊस. जून ते सप्टेंबर बूट धड वाळतच नाही. ओल्या बुटात एकदा बोटाचं कातडं सोललं. आपली औषधं प्रतिकारशक्ती दाबणारी, त्यामुळे एवढीशी जखमही अंगावर काढता येत नाही.

एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांचं मऊ रबर. आपल्याकडे ते कुष्ठरोगानं बधिर झालेल्या पायांसाठी आणि मधुमेह्यांसाठी वापरत आले आहेत. बुटाच्या पैशात माझ्या दोन जोड्या आल्या. एक बाहेरची, दुसरी फक्त घरातली, पलंगाखाली असते. डोळे उघडले की पाय खाली सोडायचे ते थेट तिच्यावरच. न्हाणीपर्यंतची ती दहा पावलं आता भिंतीला धरून चालावी लागत नाहीत. चवड्यामागचा उंचवटा आमच्या गल्लीतल्या चप्पल शिवणाऱ्या मामांनी त्याच रबराचा तुकडा तासून चिकटवून दिला. रबर वर्षभरात दबतं, हा तिचा दोष. अंगठ्यानं दाबून पाहायचं, वर आलं नाही तर बदलायची.

माझ्यापुरतं तरी सँडलचं पारडं जड आहे. तुमचा पाय वेगळा असू शकतो. घ्यायची झाली तर संध्याकाळी जा, पाय सुजलेले असतात तेव्हा. बोटांत अडकवायची घेऊ नका, आणि मागचा पट्टा एका हातानं लागतो का, ते दुकानातच बसून बघा.