छावणीत निवांत बसलेले सैनिक रंगवायचेत: २८ मिमी धातूचे घ्यावे की १/७२ प्लास्टिकचे?

बोटभर उंचीच्या छोट्या सैनिकांची (मिनिएचरची) नेपोलियनच्या काळातली फ्रेंच छावणी करायची मनात असेल, म्हणजे शेकोटी, तिच्यावर मोठं पातेलं, बाजूला एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या बंदुका, कोणी पाइप ओढतंय, कोणी बूट काढून पाय चोळतंय, तर पहिला प्रश्न हाच येतो की २८ मिमीचे धातूचे घेऊ की १/७२ चे प्लास्टिकचे. मी दोन्ही रंगवलेत. माझं उत्तर आधीच सांगतो, दहा-बारा जणांची छावणी असेल तर धातू, पन्नास-साठ जणांचा पसारा मांडायचा असेल तर प्लास्टिक.

उंचीचा गोंधळ आधी काढू. १/७२ म्हणजे साधारण २३-२४ मिमीचा माणूस, आणि २८ मिमी हे माप बरेच जण पायापासून डोळ्यापर्यंत धरतात म्हणजे डोक्यासकट तो ३० च्या आसपास जातो. फरक ऐकायला थोडा वाटतो पण २८ मिमीत डोकं, हात, बंदूक मुद्दाम जरा जाड घडवलेली असतात, त्यामुळे ब्रश टेकवायला जागा मिळते. लढाईच्या रांगेत हे फारसं जाणवत नाही, तिथे लांबून निळे कोट आणि छातीवरचे पांढरे पट्टे दिसले की झालं. छावणीत रांगच नसते. प्रत्येक जण वेगळं काहीतरी करत असतो आणि बघणाऱ्याची नजर सरळ चेहऱ्यावर आणि हातांवर जाते.

दुसरं कारण साच्याचं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. प्लास्टिकचे सैनिक स्टीलच्या दोन भागांच्या साच्यात काढतात, साचा उघडताना काही अडकून चालत नाही, त्यामुळे उभा माणूस छान निघतो पण गुडघ्यावर कोपर टेकवून बसलेला माणूस आला की हात आणि छातीमधली पोकळी प्लास्टिकनेच भरलेली येते, नाहीतर पोजच चपटी असते, वहीत दाबून ठेवलेल्या पानासारखी. धातूचे सैनिक रबराच्या फिरत्या साच्यात ओततात, रबर वाकतं, म्हणून वाकलेला, कुशीवर झोपलेला, पातेल्यावर ओणवा झालेला माणूस त्यातून नीट सुटतो. छावणीच्या पोज बहुतेक अशाच असतात. प्लास्टिकचेच घेतले असतील तर ती भरलेली जागा काळपट तपकिरी रंगवून टाका, हातभर अंतरावरून ती सावलीच वाटते.

किंमतीत मात्र प्लास्टिक सरळ जिंकतं. एका डब्यात बहुतेक वेळा चाळीसच्या पुढे सैनिक येतात, धातूच्या पाकिटात तीन ते सहा, आणि बाहेरून मागवले तर धातूच्या वजनाचं कुरिअर आणि वर कस्टम्स. फक्त डबा घेण्याआधी पोज बघून घ्या, कारण पुष्कळ डब्यांत निवांत बसलेले दोन-चारच असतात आणि बाकीचे गोळ्या झाडत असतात.

तयारीत दोन्हीकडे काम आहेच. धातूला साच्याची रेघ कानशीने घासून काढायची, तुकडे फेविक्विकने चिकटवायचे, मग प्रायमर. १/७२ चं प्लास्टिक बहुतेक मऊ असतं, ते कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवायचंच. मी पहिल्या वेळी घाईत धुतलं नाही आणि महिन्याभरात बंदुकींवरचा रंग पापुद्र्यासारखा निघाला, वीस सैनिक पुन्हा करावे लागले, फार वाईट वाटलं होतं. आता धुतल्यावर पातळ केलेल्या फेविकॉलचा एक हात देतो, मग प्रायमर, आणि रंग टिकतो. वाकलेल्या बंदुका गरम पाण्यात धरून सरळ करायच्या आणि लगेच गार पाण्यात बुडवायच्या, हे मऊ प्लास्टिकलाच जमतं.

आता रंगवण्याचं, कारण इथेही निवड आहे, थर देऊन रंगवायचं की कॉन्ट्रास्टसारख्या एका हातात सावली देणाऱ्या रंगांनी. सिटाडेलचे कॉन्ट्रास्ट २०१९ ला आले, नंतर आर्मी पेंटरचे स्पीडपेंट, वालेहोचे एक्सप्रेस, आणि वेळ खरंच वाचतो. पण बसलेल्या माणसाच्या मांड्या, पसरलेले पाय, झोपलेल्याची कूस ह्या आडव्या जागा असतात, तिथे हा रंग डबक्यासारखा साचतो आणि वाळला की कडेला डाग राहतो. उभ्या सैनिकात तो खाली घड्यांत ओघळतो, इथे ओघळायला उतारच नाही. म्हणून ओला असतानाच कोरड्या ब्रशने जादाचा रंग टिपून घ्या. प्लास्टिकच्या साठ जणांना मी हेच वापरतो आणि १/७२ ला डोळे रंगवत नाही, तपकिरी वॉशची, म्हणजे खोबणीत साचणाऱ्या पातळ रंगाची, सावली पुरते.

धातूच्या चेहऱ्यांना मात्र मी थरच देतो. माझ्याकडे एक जण आहे, पाठपिशवीवर बसलेला, एक बूट काढलेला, दोन्ही हातांनी पाऊल धरलेला. त्याच्या चेहऱ्याला आधी लालसर तपकिरी, मग त्वचेचा मधला रंग, मग नाकाचा शेंडा, गालाचं हाड आणि बोटांच्या पेरांवर फिका ठिपका, हनुवटीवर अगदी पाणचट निळसर राखाडी म्हणजे दाढी वाढल्यासारखी दिसते. पावलाची टाच जरा लाल केली आणि तो माणूस खरोखर दिवसभर चालून आलाय असं वाटायला लागलं. त्याची पिशवी वासराच्या केसाळ कातड्याची, म्हणून तपकिरीवर पांढरे पट्टे बारीक रेघांनी ओढले. हे १/७२ ला करून बघितलं, पण दिसत नाही, मेहनत वाया जाते.

कपड्यांच्या रंगात छावणीला मोकळीक आहे आणि नवीन माणसाला हे फार सोयीचं. निळा कोट काढून ठेवला की आत बाह्यांचं पांढरं जाकीट, डोक्यावर शाको या उंच लष्करी टोपीऐवजी लाल किनारीची निळी घरगुती टोपी. मोठे ओव्हरकोट राखाडी, बदामी, तपकिरी असे वेगवेगळे, स्पेनमध्ये तर तिथल्याच तपकिरी कापडाचे कपडे शिवून घेत. म्हणजे दहा जणांना चार छटा दिल्या तरी चूक नाही, उलट एकसारखेपणाच खटकेल. पांढरं कधी शुद्ध पांढरं लावू नका, मळकट राखाडीपासून सुरुवात करून फक्त घडीच्या कडेला हस्तिदंती. कोटाच्या खालच्या काठाला आणि गुडघ्यांना चिखल हवाच, वॉटर्लूच्या आदल्या रात्री, १७ जून १८१५ ला, धो धो पाऊस होता आणि दोन्हीकडचे लोक चिखलात झोपले होते.

आपल्याकडची एक अडचण दोन्हींना सारखीच आहे. जुलैच्या दमट हवेत स्प्रेचं मॅट व्हार्निश मारलं की त्यावर पांढरी धूसर साय येते. पावसाळ्यात ब्रशनेच लावा. आलीच साय तर वरून ब्रशने ग्लॉस आणि ते वाळल्यावर परत मॅट, बऱ्याचदा निघते.

थ्रीडी प्रिंटचं रेझिन हा तिसरा पर्याय, फाईल विकत घेऊन इथेच प्रिंट करून घेता येते म्हणजे कस्टम्सचा प्रश्न नाही, बसलेल्या पोजही छान येतात. पण बंदुकीची नळी आणि संगीन ठिसूळ, खेळताना हाताळले की तुटतात. शोकेससाठी घ्या.

माझं पुढचं काम असईच्या लढाईचं आहे, आपल्या जालना जिल्ह्यातलं, मराठे आणि इंग्रजांमधलं. २३ सप्टेंबर १८०३ ला दिवसभर चालून आणि लढून झाल्यावर इंग्रज सेनापती वेलस्लीचे सैनिक रणांगणावरच पडून राहिले होते, ती रात्र करायचीय, आठच माणसं, आणि ती मी धातूचीच घेणार.