जुने 'ड्रॅगन'चे अंक परत वाचतेय: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी काय वापरतेय ते सांगते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) या फासे टाकत, गोष्ट रचत खेळायच्या खेळावरच्या 'ड्रॅगन' मॅगझिनचं सीडी अर्काइव्ह, १९९९ साली निघालेलं, पाच सीडींचा सेट, त्यात पहिले २५० अंक आणि शिवाय हा खेळ काढणारी टीएसआर कंपनी 'ड्रॅगन'च्या आधी काढायची त्या 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू'चे सातही अंक. सेकंडहँड मिळाला. सोबत १९८२ ते ८६ मधले थोडे छापील अंक आहेत, ते इथे मिलवॉकीतच एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात खोक्यात पडलेले होते. एम.एस.ला असताना रूममेटकडे यातलेच काही अंक होते, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे नियम तिने शिकवले पण या खेळाचं वेड मला लागलं ते या मॅगझिनमुळे. आता मीच डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी) आहे, एक शनिवार सोडून एक शनिवार आमचा ग्रुप बसतो, नियम पाचव्या आवृत्तीचे, आणि सेशनच्या तयारीला मी सगळ्यात आधी हे अंक उघडते. त्यामुळे 'काय ते दिवस होते' एवढंच लिहायचं नाहीये, आज टेबलावर यातलं काय चालतं आणि काय नाही ते सांगायचंय.

ज्यांनी नाव पहिल्यांदा ऐकलंय त्यांच्यासाठी थोडक्यात: पहिला अंक जून १९७६, संपादक टिम कास्क, गाव विस्कॉन्सिनमधलं लेक जिनिव्हा, आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर. छापील मॅगझिन सप्टेंबर २००७ ला ३५९ व्या अंकावर थांबलं. माझ्या मते सगळ्यात भरलेला काळ म्हणजे साधारण अंक ५० ते १४०, किम मोहन आणि नंतर रॉजर मूर संपादक होते तो.

आणि माझं मत सुरुवातीलाच देऊन टाकते म्हणजे घाईत असाल तर पुढचं वाचायला नको: यातले नियम जुने झालेत, सदरं मात्र अजिबात जुनी झालेली नाहीत.

सगळ्यात जास्त वापरलेलं सदर 'इकॉलॉजी ऑफ'. एक राक्षसी प्राणी घ्यायचा आणि तो खातो काय, राहतो कुठे, पिल्लं कशी होतात, कोणाला घाबरतो हे सगळं खरोखरच्या प्राण्याबद्दल लिहितात तसं लिहायचं. पहिला लेख अंक ७२ मध्ये, एप्रिल १९८३, पिअर्सरवर. पिअर्सर म्हणजे गुहेच्या छताला लटकणारा, दगडी सुळक्यासारखा दिसणारा प्राणी, खालून कोणी गेलं की अंगावर पडतो. नियमांच्या पुस्तकात त्याची किंमत एवढीच की एक फटका बसतो आणि मग प्लेअर त्याला ठोकून काढतात. लेख वाचल्यावर मात्र डोक्यात प्रश्न सुरू होतात, हा नेम चुकून पडला तर परत वर जातो कसा, त्याला किती वेळ लागतो, तोपर्यंत तो उघड्यावर किती असहाय असतो. मी हे जसंच्या तसं वापरलं. गुहेत शिरताना भिंतीवर वर जाणारे चिकट ओघळ दाखवले, जमिनीवर ठरावीक अंतरावर खळगे, एका खळग्यात जुनं हाड. लढाई झालीच नाही! आमच्या ग्रुपमधली जी मुलगी नेहमी गप्प असते तिने ओघळांवरून ओळखलं, आणि सगळ्यांनी आपापल्या पाठपिशव्या पुढे फेकून सगळे पिअर्सर आधीच पाडून घेतले. एवढं समाधान मला कुठल्याही मोठ्या ड्रॅगनच्या लढाईतून मिळालेलं नाही.

या मालिकेत पुढे एड ग्रीनवुडने बरंच लिहिलं, कॅनडातला, लायब्ररीत काम करणारा माणूस. पुढे रुळलेली पद्धत मला फार आवडते, वर गोष्ट किंवा एखाद्या विद्वानाचं भाषण, आणि आकडे, फासे, गुण सगळं खाली टिपांमध्ये. म्हणजे आज आवृत्ती बदलली की फक्त टिपा टाकून द्यायच्या, वरची गोष्ट तशीच्या तशी राहते. चाळीस वर्षांपूर्वीचा लेख आज मला काहीही न बदलता वापरता येतो तो यामुळेच.

आता अंक ८४, एप्रिल १९८४, इकॉलॉजी ऑफ द राक्षस. याच्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण हा आपल्या घरातला विषय. डी अँड डी मध्ये राक्षस आला तो 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू'च्या पाचव्या अंकात, डिसेंबर १९७५, आणि तो आला तो रामायणातून सरळ नाही, तर त्या काळच्या एका अमेरिकन टीव्ही मालिकेच्या भागातून, मंतरलेल्या बाणाने मरतो हा नियमसुद्धा तिथलाच. मग १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या खेळातल्या प्राण्यांच्या पुस्तकात त्याला वाघाचं डोकं मिळालं, अंगात उंची कपडे आणि हातात पाइप. हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला राग आला होता, हा आमचा राक्षसच नाही म्हणून. आता इतके महिने त्याच्याबरोबर काम केल्यावर असं वाटतं की डोकं वाघाचं असो की कशाचं, एक गोष्ट त्यांनी अगदी बरोबर पकडली, ती म्हणजे माया. या खेळातला राक्षस तुमच्यासमोर तुमच्या विश्वासातल्या कोणाचं तरी रूप घेऊन येतो. मारीच सोन्याचं हरीण होतो, रामाच्या आवाजात लक्ष्मणाला हाक मारतो, रावण भिक्षेकऱ्याच्या वेषात दारात येतो, हे आजीकडून ऐकलेलं सगळं मी सरळ त्यात ओतलं. जंगलात मदतीची हाक, आवाज खेळणाऱ्यांच्या टोळीतल्याच एकाचा, आणि तो माणूस तर शेजारी उभा. अमेरिकन प्लेअर जागच्या जागी थिजले, आणि ग्रुपमधला दुसरा मराठी मुलगा एकदम ओरडला की रेषेच्या बाहेर कोणी जायचं नाही. कुठलीही रेषा मी आखलेली नव्हती, पण मग त्यांच्यातल्या साधूच्या पात्राकडून आखून घेतली आणि पुढचे दोन सेशन त्या रेषेवरच चालले. ज्यांच्या घरात या गोष्टी सांगितल्या गेल्यात त्यांनी हा लेख काढून वाचाच, आपल्याकडे त्यात भर घालायला खूप आहे.

दुसरं, 'सेज ॲडव्हाइस'. नियमांवरचे प्रश्न आणि उत्तरं. सुरू झालं अंक ३१ मध्ये, नोव्हेंबर १९७९, पहिली उत्तरं जीन वेल्सची, टीएसआरमधल्या सुरुवातीच्या महिला डिझायनर्सपैकी एक, नंतर बरीच वर्षं स्किप विल्यम्स. पहिल्याच सदरात कोणीतरी विचारलंय की धनुष्याने किती इजा होते, आणि उत्तर असं की धनुष्याने काहीच होत नाही, इजा बाणाने होते, आता धनुष्यच डोक्यात घातलंत तर थोडं लागेल पण मग ते धनुष्य बाण मारायच्या लायकीचं राहणार नाही. आज त्या नियमांचा उपयोग शून्य. तरी मी हे सदर झोपायच्या आधी रोज थोडं वाचते, कारण डीएमने उत्तर कसं द्यावं हे त्यातून शिकायला मिळतं: लहान, ठाम, आणि विचारणाऱ्याला कमी न लेखता. माझ्या टेबलावरचे वाद यामुळे खरंच कमी झालेत, पूर्वी नियम शोधायला पंधरा मिनिटं खेळ थांबायचा आता मी एका वाक्यात निर्णय देते आणि सेशन संपल्यावर पुस्तक बघू म्हणते.

वादांवरूनच आठवलं, पडल्यावर किती लागतं याच्यावरची चर्चा! ॲडव्हान्स्ड डी अँड डी मध्ये लोक धरून चालले होते की दर दहा फुटांना सहा बाजूंच्या एका फाशाएवढी इजा. मग मॅगझिनमधूनच कळलं की खेळाच्या मूळ कर्त्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्सच्या मनात चढता हिशोब होता, पहिल्या दहा फुटांना एक, पुढच्या दहांना दोन, त्यापुढे तीन, म्हणजे तीस फुटांवरून पडलात की तीन नाही तर सहा फासे. त्यावर लोकांनी लिहायला घेतलं ते थेट अंक ८८ पर्यंत, ऑगस्ट १९८४, तिथे एक जण गुरुत्वाकर्षण आणि वेग घेऊन आलाय आणि त्याला उत्तर म्हणून दुसऱ्याने गतिज ऊर्जा मांडलीये की ऊर्जा उंचीच्या सरळ प्रमाणात वाढते म्हणून साधा नियमच बरोबर. माझं शिक्षण मेकॅनिकलचं, मी वही घेऊन बसले आणि पूर्ण हिशोब करून पाहिला (ऊर्जेचा मुद्दा पटतो). एका काल्पनिक चोराच्या काल्पनिक हाडांसाठी माणसं इतक्या आस्थेने गणित करत होती, टाईप करून पोस्टाने पाठवत होती, उत्तर छापून यायला महिनोन्‌महिने थांबत होती. हेच मला या मॅगझिनमध्ये सगळ्यात प्रिय आहे. कोणी तिथे "अरे खेळच तर आहे" म्हणत नाही.

रॉजर मूरची 'पॉइंट ऑफ व्ह्यू' मालिका, अंक ५८ ते ६२, बुटके, हाफलिंग, एल्फ, नोम, अर्धे ऑर्क या खेळातल्या काल्पनिक जमाती विचार कसा करतात याच्यावर. नवीन प्लेअरला मी नियमांच्या आधी हेच वाचायला देते. हजार वर्षं जगणाऱ्या माणसाला घाई कशी नसेल, मैत्री आणि मृत्यू त्याला कसे दिसत असतील, हे वाचून आमच्या एल्फ खेळणाऱ्याचं बोलणंच बदललं. 'पेजेस फ्रॉम द मेजेस'ही भारी, ग्रीनवुडचं, एकेका जुन्या मंत्रपोथीचा इतिहास, कोणाकडून चोरीला गेली, शेवटची कुठे दिसली, आत कुठले मंत्र. १९८७ ला ग्रीनवुडचं काल्पनिक जग 'फरगॉटन रेल्म्स' पेटीतून बाजारात आलं, पण त्या जगातली नावं वाचकांना या लेखांतून कित्येक वर्षं आधीच ओळखीची झाली होती. 'बझार ऑफ द बिझार', जादूच्या वस्तू, ठीकठाक, दहातली एखादी उचलण्यासारखी. कॉम्प्युटर गेम्सचे रिव्ह्यू मी सोडून देते.

जे खटकतं तेही लिहायला हवं. सुरुवातीच्या अंकांत स्त्रियांबद्दल जे छापलंय ते वाचवत नाही. अंक ३ मध्ये, १९७६, स्त्री पात्रांसाठी वेगळे नियम सुचवणारा लेख आहे, पुरुषांना करिष्मा आणि बायकांना सौंदर्य अशी वाटणी, ताकद कमी, मोहिनी घालायचे मंत्र. मी टेबलाच्या डोक्याशी बसून खेळ चालवते आणि हे वाचताना अंगावर येतं. काळ तसा होता हे कारण मला पुरत नाही, कारण पुढच्या काही वर्षांत त्याच मॅगझिनच्या पत्रांत वाचकांनी स्वतः याला विरोध केलाय. घरातल्या मुलामुलींच्या हातात पहिले अंक द्यायचे असतील तर शेजारी बसून वाचा.

आता शेवटची पानं, कॉमिक्स. लॅरी एल्मोरचं 'स्नार्फक्वेस्ट', अंक ७५ पासून १४५ पर्यंत, लांब नाकाचा स्नार्फ, राजा व्हायचं म्हणून एका वर्षात पराक्रम आणि खजिना गोळा करायला निघालेला, सोबत एव्हीआर नावाचा रोबो. माझ्या पुतण्याला हे प्रचंड आवडलंय. पण माझा जीव आहे तो 'वर्मी'वर. डेव्ह ट्रॅम्पिअर, ज्याने १९७८ च्या 'प्लेअर्स हँडबुक'चं मुखपृष्ठ केलं, मूर्तीच्या डोळ्यातलं रत्न उपटणारे चोर, तोच. वर्मी हा सिगार ओढणारा, पूल (बिलियर्ड्ससारखा खेळ) खेळणारा ड्रॅगन, अंक ९ मध्ये सप्टेंबर १९७७ ला सुरू, आणि अंक १३२ ला, एप्रिल १९८८, गोष्ट अर्ध्यावर असताना बंद. ट्रॅम्पिअर चित्रकलेच्या जगातून निघूनच गेला. बरेच लोक तो वारला असं समजत होते, मग २००२ मध्ये इलिनॉयच्या कार्बनडेलमध्ये टॅक्सी चालवताना एका विद्यार्थी वृत्तपत्राला तो भेटला. मार्च २०१४ मध्ये तो खरंच गेला, गोष्ट पूर्ण न करता. मी या महिन्यांत वर्मी सलग वाचलं, सुटं सुटं वाचण्यापेक्षा हे फार वेगळं आहे, रेषा कशी दर वर्षी भरत जाते, रंग कसे खोल होत जातात, साधे विनोद करणारी पात्रं हळूहळू एका मोठ्या युद्धाकडे कशी सरकतात ते दिसतं. १३२ च्या पुढचा अंक उघडला आणि ते पान नव्हतं तेव्हा मला खूप वाईट वाटलं, माहीत असूनही.

वापराबद्दल थोडं प्रॅक्टिकल. सीडीवरचा व्ह्यूअर त्या काळच्या विंडोजसाठी आहे, मी तो वापरत नाही, पीडीएफ कॉपी करून थेट उघडते, लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसेल तर बाहेरून जोडायचा घ्यावा लागेल. पानं स्कॅन केलेली आहेत, जाहिरातींसकट, आणि जाहिराती सोडू नका, राल पार्थाच्या शिशाच्या बाहुल्या, पोस्टाने खेळायचे गेम, जेनकॉन या खेळांच्या मेळाव्याची आमंत्रणं, यातून तो काळ लेखांपेक्षा जास्त कळतो. छापील अंक हातात असेल तर मी अजूनही तोच वाचते, डोळ्यांना बरं पडतं आणि नकाशे पूर्ण दिसतात. सेट केव्हाच छपाईबाहेर गेलाय, जुन्या लेखक-चित्रकारांच्या हक्कांचे प्रश्न निघाले होते, त्यामुळे सेकंडहँडच शोधावा लागतो आणि भाव विकणाऱ्याच्या मर्जीवर. पाचही सीडी आहेत का आणि ओरखडे किती हे फोटो मागवून बघा.

कुठून सुरू करायचं असं ग्रुपमधल्या दोघांनी विचारलंय. डीएम असाल तर ७२ आणि ८४, प्लेअर असाल तर मूरची मालिका. अंक १०० गायगॅक्सच्या ड्रॅगनचेस या बुद्धिबळासारख्या खेळासाठी, तीन मजली पट, मी पुठ्ठ्यावर आखायला घेतलाय, कोणाकडे सोंगट्यांची चांगली आयडिया असेल तर सांगा. आणि वर्मी अंक ९ पासून क्रमानेच वाचा.