मॉडेल युनायटेड नेशन्स की सर्व्हिस लर्निंग?

शहरातल्या हायस्कूलच्या मुलांना जगाचं भान यावं म्हणून काही शाळा या दोनातलं एक निवडतात. मॉडेल युनायटेड नेशन्समध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेची नक्कल करताना, मुलं एखाद्या देशाचे प्रतिनिधी बनून ठराव मांडतात, वाचन भरपूर होतं, बोलायची भीती जाते, आणि स्वतःला न पटणारी बाजूही मांडावी लागते, हे खरंच मोलाचं आहे. पण परिषद संपली की बऱ्याचदा विषयही संपतो.

सर्व्हिस लर्निंगमध्ये, म्हणजे लोकांसाठी प्रत्यक्ष काम करून त्यातून शिकण्यात, मुलं समजा निर्वासित कुटुंबातल्या लहानग्यांना वाचायला शिकवतायत, मग वर्गात आपोआप प्रश्न येतो की ही माणसं घरदार सोडून का आली, आणि तिथून निर्वासितांचे हक्क ठरवणाऱ्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारापर्यंत जाता येतं, तो पाठ करून घ्यावा लागत नाही. मात्र कामानंतर बोलणं-लिहिणं झालंच नाही तर ते नुसतं श्रमदान राहतं, उलट "आम्ही बिचाऱ्यांना मदत केली" हीच भावना पक्की होते, आणि मला ती जास्त धोक्याची वाटते.

एकालाच वेळ असेल तर मी सर्व्हिस लर्निंग घेईन, पण दर आठवड्याला चर्चेचा तास धरूनच, आणि काम कुठलं करायचं हे तिथल्या लोकांना आधी विचारून.