लाउटरब्रुनेनचा मुक्काम: सहल चांगली, ट्र्युमेलबाखला मात्र घाई

नौपाड्यातल्या एका टूरवाल्यांकडून आईबाबांना घेऊन स्वित्झर्लंडला जाऊन आलो. मुक्काम इंटरलाकेनऐवजी थेट लाउटरब्रुनेन गावात दिला, यासाठी त्यांना पैकीच्या पैकी गुण. गाव साधारण ८०० मीटर उंचीवर, हिमनदीने कोरलेल्या चिंचोळ्या दरीत. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे. गावाला लागूनच श्टाउबाखचा जवळपास ३०० मीटरचा धबधबा. वारा सुटला की धार खाली पोचायच्या आतच तुषार होऊन उडते. बाबा खिडकीतून हलेनात!

राग आला तो ट्र्युमेलबाखला. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊच्या हिमनद्यांचं पाणी इथे डोंगराच्या पोटातून दहा टप्प्यांत कोसळतं, सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. आत कानठळ्या बसतात, पायऱ्या ओल्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे अर्धा तास कसा पुरणार? आईला वरचे धबधबे बघताच आले नाहीत.

मुरेनला निवांत सोडलं. १,६३८ मीटरवरचं हे गाव, गाड्यांना बंदी, समोर तिन्ही शिखरं. जेवणही बरं होतं. ज्येष्ठांना नेणार असाल तर ट्र्युमेलबाखसाठी दोन तास आधीच लिहून घ्या.