मामांसाठी कुठला घोडा लावू? रेसच्या तीन जुन्या विनोदी सिनेमांचा आढावा

आमचे मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मिलमध्ये होते तोवर पावसाळ्यात पुण्याचा रेसचा सीझन लागला की शनिवारी रात्री सोलापूरहून गाडी पकडायची, रविवारी रेस करायची आणि सोमवारी पहिल्या पाळीला हजर, असा नेम. जिंकले तर मामीला साडी, हरले तर पुणे स्टेशनावरची अर्धा डझन केळी. मामींकडे साड्या मोजक्याच आहेत. आता गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे दोन महिने घरीच आहेत, चिडचिड करतात. म्हणून येत्या रविवारी आमच्या जुळे सोलापुरातल्या गच्चीवर प्रोजेक्टर लावून त्यांना एखादा रेसचा सिनेमा दाखवायचं घाटतंय. ब्लॅक अँड व्हाइट, विनोदी आणि घोड्यावर पैसे लावण्याचाच. तीन सिनेमे हाताशी आले, तिन्ही बघून काढले. घरात असा एखादा जुना रेसवाला असेल आणि तुम्हीही याच पेचात असाल, तर उपयोग होईल.

पहिला 'अ डे अ‍ॅट द रेसेस', 1937 चा, मार्क्स बंधूंचा, म्हणजे ग्राउचो, चिको आणि हार्पो या तीन विनोदी नट भावांचा. दुसरा 'थ्री मेन ऑन अ हॉर्स', 1936 चा. तिसरा 'लिटल मिस मार्कर', 1934 चा, चिमुरडी शर्ली टेंपल असलेला. तिन्ही अमेरिकेतले, तिन्ही तीन वर्षांच्या आतबाहेरचे, आणि त्याला कारण आहे. मंदीने सरकारी तिजोऱ्या रिकाम्या झाल्या तेव्हा तिथल्या बऱ्याच राज्यांनी कराच्या आशेने रेसवरचा जुगार कायदेशीर केला. कॅलिफोर्नियाने 1933 मध्ये केला, आणि 1934 च्या नाताळात लॉस एंजेलिसजवळ सँटा अनिटाचं रेसकोर्स उघडलं. हॉलिवूडच्या दारातच घोडे पळायला लागले म्हटल्यावर सिनेमावाले कशाला गप्प बसतील!

आधी तिसऱ्याची वासलात लावतो. पोस्टरवर गोड पोरगी बघून 'मुलांनाही चालेल' असं वाटतं, तिथेच फसगत होते. बापाकडे लावायला पैसे नाहीत, म्हणून तो 20 डॉलरच्या डावासाठी स्वतःची लेक बुकीकडे तारण ठेवतो. मार्कर म्हणजे उधारीची चिठ्ठी. इथे चिठ्ठीच्या जागी पोर. घोडा हरतो आणि बाप जीव देतो. पुढे कंजूस बुकी त्या पोरीपायी हळूहळू माणसात येतो, अडॉल्फ मेंझूने ते काम फार छान केलंय, आणि शर्ली टेंपल तर पडद्यावरून नजर हलू देत नाही. सिनेमा चांगलाच आहे. पुढे 1949 मध्ये बॉब होपला घेऊन आणि 1980 मध्ये वॉल्टर मॅथाऊला घेऊन तो पुन्हा केला गेला. पण यात रेस ही नुसती कारणापुरती. हसता हसता डोळे पुसायचे असतील तर बघा. मामांनी एका दिवाळीला बोनस पुण्यात ठेवून आल्याची गोष्ट आमच्याकडे अजून दबक्या आवाजात निघते. त्यांच्यासमोर तारण ठेवलेलं पोर दाखवायचा माझा धीर नाही.

राहिले दोन, आणि खरा पेच इथेच आहे.

मार्क्स बंधूंच्या सिनेमाला कथा आहे म्हणायची. एका मुलीचं सॅनिटोरियम गहाण पडलंय, खलनायकाला तिथे जुगारखाना काढायचाय, तिच्या मित्राने साठवलेल्या पैशांतून हाय-हॅट नावाचा घोडा घेतलाय. ग्राउचो हा मुळात जनावरांचा डॉक्टर, पण एका श्रीमंत बाईंच्या आग्रहाखातर माणसांचा डॉक्टर होऊन बसतो. या डॉक्टरचं नाव आधी क्वॅकेनबुश ठेवलं होतं. त्या आडनावाचे खरेखुरे डॉक्टर निघाल्यामुळे हॅकेनबुश करावं लागलं. इतकं कळलं की कथा बाजूला ठेवायला हरकत नाही.

कारण बघायचाय तो आइस्क्रीमच्या गाडीचा प्रवेश. ग्राउचो पैसे लावायच्या खिडकीवर दोन डॉलर घेऊन उभा आहे, घोडाही ठरलेला आहे. तेवढ्यात आइस्क्रीमवाल्याच्या वेषात चिको येतो, इकडेतिकडे बघतो आणि हळूच टिप, म्हणजे कुठला घोडा जिंकणार याची आतली खबर, देऊ करतो. ग्राउचो डॉलर देऊन चिठ्ठी उघडतो, तर आत निव्वळ अक्षरांचा खिचडा. ही म्हणे सांकेतिक भाषा, ती उलगडायला पुस्तक लागतं. पुस्तक फुकट, फक्त छपाईचा खर्च द्या. ते पुस्तक समजायला आणखी एक पुस्तक. मग घोड्यांच्या पैदाशीचं, तेही एक नाही, संच. पोचवायचे पैसे वेगळे, गिऱ्हाईक हातभर अंतरावर उभं असलं तरी. काखेत, मांड्यांच्या मध्ये, हनुवटीखाली पुस्तकं धरून ग्राउचो पानं उलटतोय आणि इकडे रेस सुटून संपलीसुद्धा. जिंकला कोण? तो मुळात ज्याच्यावर लावायला निघाला होता तोच. आणि त्याच्याच पैशांनी चिकोने त्याच घोड्यावर लावलेलं.

तमाशातली बतावणी ज्याने समोर बसून बघितली आहे त्याला हे नवं वाटणार नाही. सोंगाड्या असाच एकेक पायरीने समोरच्याला गाळात नेतो, आणि प्रेक्षकाला प्रत्येक पायरी आधी दिसत असूनही हसू थांबत नाही. या मंडळींनी कॅमेऱ्यापुढे जाण्याआधी हे प्रवेश गावोगावच्या रंगमंचावर करून पाहिले होते, कुठे हशा येतो, कुठे विरतो याची टिपणं काढली होती. ते कळतं. प्रत्येक वाक्यानंतर हशाला जागा सोडलेली आहे. चिको प्रत्यक्षातही अट्टल जुगारी होता, म्हणजे टिप विकणारा पडद्यावर आणि विकत घेणारा घरी, असा मामला.

परवा हा एवढाच प्रवेश मी मामांना मोबाइलवर दाखवला. ते पलंगावर, पायाखाली दोन उशा, हातात चुन्याची डबी. मला वाटलं खदखदून हसतील. ते अजिबात हसले नाहीत. भुवया वर करून शेवटपर्यंत बघितलं, मग डबी मिटली आणि म्हणाले, "एवढी पुस्तकं कशाला लागतात बे ह्याला? मी एकाच पुस्तकात संपलो होतो." मग पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा हसले.

आता 'थ्री मेन ऑन अ हॉर्स'. यात तीन मार्क्स नाहीत, धावपळ नाही, पाण्यावरचा नाच नाही. अर्विन नावाचा एक भिडस्त माणूस आहे, भेटकार्डांवर छापायच्या चारोळ्या लिहितो, आठवड्याला 40 डॉलर पगार. (म्हणजे वरच्या सिनेमातली पोर याच्या अर्ध्या आठवड्याच्या पगारात गहाण पडली.) बसमधून कामावर जाताना वेळ घालवायला तो रेसचे घोडे निवडतो आणि वहीत टिपून ठेवतो. त्याने निवडलेला घोडा लागतोच. पण त्याने आजवर एक पैसा लावलेला नाही. लावला तर देणगी जाईल अशी त्याची खात्री आहे. एक दिवस बायकोशी वाजतं, तो कामावर न जाता दारूच्या गुत्त्यात शिरतो आणि तिथे तीन हरलेले पंटर, म्हणजे घोड्यांवर पैसे लावणारे, त्याच्या गळ्यात पडतात. त्याला हॉटेलच्या खोलीत जवळजवळ कोंडूनच ठेवतात. पण गंमत अशी, की बसमध्ये बसल्याशिवाय त्याला घोडा सुचत नाही! इकडे कार्डवाल्या मालकाला मातृदिनाच्या कविता वेळेवर हव्यात, तो वेगळाच डोक्याला ताप.

हा सिनेमा आधी नाटक होतं. 1935 च्या जानेवारीत ब्रॉडवेवर आलं आणि त्याचे 835 प्रयोग झाले. त्यामुळे बराचसा सिनेमा खोल्यांमध्ये घडतो, माणसं येतात-जातात, दारं उघडतात-मिटतात. आपल्याकडे जुनं फार्स-नाटक ज्यांना आवडतं ते लगेच रुळतील. फ्रँक मॅकह्यूचा अर्विन मला फार आवडला, पण सिनेमा खिशात घालतो तो त्या तीन पंटरांतला पॅट्सी झालेला सॅम लिव्हीन. मूळ नाटकातलं हेच काम घेऊन तो पहिल्यांदा पडद्यावर आला. हरलेल्या माणसाचा तो ताठा, खिशात दमडी नसताना पुढच्या रेसबद्दल बोलण्यातली ती खात्री! मामांचे एक दोस्त नवी पेठेत चहा पिताना अगदी असेच बोलायचे.

त्यात एक जागा अशी आली की मी सिनेमा थांबवून मामींना हाक मारली. अर्विनच्या बायकोला ती वही सापडते आणि आतली नावं वाचून तिला वाटतं, नवऱ्याची ही बाहेरची लफडी. मामींना गोष्ट सांगितली. त्या शेंगदाणे निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ह्यांची डायरी सापडली तेव्हा मला पण तसंच वाटलं होतं. बायकांची नावं असती तर परवडलं असतं."

रेसचं खरंखोटं जाणणाऱ्यासाठी मला हा दुसरा सिनेमा जास्त सच्चा वाटतो. पहिल्यात जुगार म्हणजे सर्कस आहे. शेवटची शर्यत अडथळ्यांची. हाय-हॅटला खलनायकाचा आवाज ऐकला की चीड येते आणि तो उंच उडी मारतो, म्हणून त्या खलनायकाला बोलतं करायच्या सगळ्या खटपटी. मजा येते, पण यातलं काही रेसकोर्सवर होत नाही हे पोरालाही कळतं. दुसऱ्यात मात्र पंटरचं मन पकडलंय. या तिघांना नुसतं जिंकायचं नाही, खात्री हवीय. खात्री देणारा माणूस मिळाला की त्याला जेवण, बिछाना, बस, सगळं. आणि शेवटी संशय काय, तर हा स्वतः का लावत नाही? टिप देणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून तर टिपा खपतात. बुकीला फोन करून भाव घेणं, हरल्यावर एकमेकांवर खापर फोडणं हे सगळं मामांच्या ओळखीचं. खिडकीवरच्या टोटमध्ये जमलेल्या सगळ्या पैशातून वाटणी होते, बुकीकडे मात्र लावतानाचा भाव पक्का. हा फरक ज्याला माहीत आहे त्याला दोन्ही सिनेमांत बारीकसारीक खुणा दिसतील.

मिलवाल्यांच्या गावाला आकड्यांचं वेड नवं नाही. मटकासुद्धा सुरू झाला तो न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या ओपन-क्लोज भावांवर. पण रेसवाला स्वतःला मटकेवाल्याच्या पंगतीला बसवून घेत नाही. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग मोठा असल्याचं म्हटलं, तेव्हापासून मामांना आपल्या हरण्यालाही एक दर्जा आल्यासारखं वाटतं. अर्विन आवडेल तो यासाठी. तो घोड्यांचा अभ्यास बिभ्यास काही करत नाही, बसमध्ये डुलत बसतो आणि सगळ्या अभ्यासकांना हरवतो. मामा यावर अर्धा तास भांडतील. तेच तर हवंय.

मग रविवारी कुठला? इथे गच्चीवर कोण कोण आहे ते मोजावं लागलं. शेजारचे तेलुगू बोलणारे काका, खालच्या मजल्यावरच्या कन्नड अज्जी, सहा-सात पोरं, आणि मामा. 'थ्री मेन' सगळा बोलण्यावर चालतो. भराभर इंग्रजी, त्यातही रस्त्यावरचं, आणि मला मिळालेल्या प्रिंटमध्ये सबटायटल्स नाहीत. दोघं-तिघं जाणकार बसले असतील तर बहारच, पण अज्जी दहाव्या मिनिटाला खाली जातील. मार्क्सच्या सिनेमात ग्राउचोच्या कोट्या तशाही निम्म्या निसटतात, सबटायटल्स असूनही. पण हार्पो! तो एक शब्द बोलत नाही. अज्जींना आणि पाच वर्षांच्या पोराला तो सारखाच कळणार. आणि चिकोचं ते इटालियन हेल काढून बोललेलं इंग्रजी, मराठी-कन्नड-तेलुगूची भेळ करून बोलणाऱ्या आमच्या गावाला काही विशेष वाटणार नाही.

लांबीचा मात्र विचार करा. 'थ्री मेन' दीड तासाच्या आत आटोपतो. 'अ डे अ‍ॅट द रेसेस' 110 मिनिटांच्या आसपास आहे आणि त्यातली प्रेमगीतं आणि पाण्यावरचा जलसा मी बेलाशक पुढे ढकलणार आहे. पुढे ढकलू नका ते अस्तबलापाशी रंगणारं कृष्णवर्णीय कलाकारांचं गाणं आणि नाच. आयव्ही अँडरसनचा आवाज आणि त्या लिंडी हॉप नाचणाऱ्यांची चपळाई, त्यासाठी रिमोट खाली ठेवा. त्याला जोडूनच तिघे भाऊ लपण्यासाठी तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांचं सोंग घेतात, ते आज बघवत नाही. पोरं विचारतील, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

म्हणून माझा हिशेब असा केलाय: रविवारी गच्चीवर मार्क्स बंधू. 'थ्री मेन' आठवड्यात एका दुपारी, फक्त मामा, त्यांचे नवी पेठेतले दोस्त आणि मी. आवाज थोडा मोठा ठेवून, समजलं नाही तिथे थांबवून. तुमच्याकडे एकच संध्याकाळ असेल आणि घरात पूर्वी रेस खेळलेला माणूस एकटाच असेल, तर मार्क्स सोडा, 'थ्री मेन' घ्या.

अडचण आता पडद्याची आहे. सोलापुरात राहून चादरींना तोटा नाही, कपाटात चौदा निघाल्या, पण प्रत्येकीवर नक्षी. मोर आणि कमळांवरून घोडे पळवायचे तर कठीण. शेवटी तेलुगू काकांनी लग्नातलं एक पांढरं धोतर काढून दिलंय, ते दुपदरी शिवून घ्यायचं. मामांनी विचारलंय, किती वाजता सुटणार? साडेसात सांगितलंय. म्हणाले, मी सातलाच येतो, घोडे बघायला लागतात आधी.